लपवलं की वाढतं



आज बोलायचं आहे गुप्तरोगांविषयी. म्हणजे शरीरसंबंधातून होणारे गरमी, परमा यांसारखे आजार. नाव काढलं की आपण पदर तोंडाला लावतो. पण आज ऐका.

इंग्रजांच्या राज्यात १८६८ साली एक कायदा आला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून धंदा करणाऱ्या बायांची सक्तीनं तपासणी व्हायची. पुरुषांना मात्र त्या कायद्यानं हात लावला नाही. रोग दोघांचा, शिक्षा एकटीला! १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला.

पुढे १९१० मध्ये गरमीवर सोमलापासून केलेलं औषध आलं. १९१६ मध्ये इंग्लंडनं सरकारी खर्चानं दवाखाने उघडायचं ठरवलं. उपचार फुकट आणि नाव गुप्त. इंजेक्शनं वर्षभर चालायची, अनेक जण मधेच सोडायचे. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक आरोग्यावर उघड लिहिलं. लोकांनी नावं ठेवली, त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

आता पेनिसिलीन आहे. लवकर गेलं तर गरमी पूर्ण बरी होते. तरी आमच्या गटातली एक ताई या दुखण्यासाठी अंतर्गत कर्ज मागायला आली होती. कारण काय, तर 'सरकारी दवाखान्यात गावातलं कोणी भेटेल!' कर्जाचे पैसे जाणार होते जडीबुटीवाल्याकडे.

बायांनो, सरकारी रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषध फुकट मिळतं, माहिती गुप्त राहते. नागपुरात मेडिकल आणि मेयोत त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. विचारायचं असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे.

एवढं लक्षात ठेवा. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी गुप्तरोग नव्हे. पण वास, खाज, ओटीपोटात दुखणं असेल तर दाखवा. गरमीची जखम दुखत नाही, आपोआप भरते, पण रोग आतच राहतो. गरोदरपणी रक्ततपासणी चुकवू नका. उपचार राहिला तर बाळ दगावू शकतं. आणि नवऱ्यालाही सोबत न्या. एकटीनंच औषध घेतलं तर रोग पुन्हा घरी येतो.

येत्या बैठकीत हा विषय काढा. एकटीला लाज वाटते, दोघी मिळून दवाखान्यात जाता येतं.