उचलीची वही

पहाटेची एस.टी. पकडून जव्हारला पोचलेल्या शिक्षक मित्रांनो,

स्थानिक इतिहासलेखनाचा आढावा घ्यावा, असं अध्यक्षपदाच्या निमंत्रणात म्हटलं होतं. तो लगेच उरकतो. जव्हारच्या मुकणे राजघराण्यावर लिहून झालं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले, त्यावरही झालं. जयविलास राजवाडा तर प्रत्येक स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आहे. संस्थानाच्या १९४८च्या विलीनीकरणावर दोघेतिघे लिहीत आहेत, त्यांना शुभेच्छा. संपला आढावा. आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. निवृत्त झाल्यापासून या माइकची वाट पाहत होतो.

मी आयुष्यभर अमेरिकेचा इतिहास शिकवला. १८२०ची मिसुरी तडजोड, १८५०चा फरारी गुलामांचा कायदा, १८५४चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७चा ड्रेड स्कॉट खटला. पोरं सनावळ्या धडाधडा म्हणायची. दिवाळी सरली की मागचे बाक ओस पडायचे. घरची माणसं जगायला निघायची, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, नि पोरंही मागोमाग. दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर झकास उत्तर लिहिणाऱ्या एका मुलीचा आजोबा लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि नवराबायको दोघं त्याच्या शेतावर कायमची बांधली गेली. हे तिला घरातून ठाऊक होतं. कुठल्या पेपरात ते विचारलं जात नव्हतं, म्हणून तिने कधी लिहिलं नाही.

आपल्यातले काही विद्वान म्हणतात, अमेरिकेची तुलना इथे लागू नाही. तिथे माणसाची मालकी होती, इथे नुसतं कर्ज. वर्षानुवर्षं हा वाद परिसंवादांत चघळला जातो. मी त्यांना एक वही दाखवू इच्छितो.

एक विद्यार्थी परीक्षेला बसला नाही, म्हणून त्याला शोधत भट्टीवर गेलो. मुकादमाने चहा मागवला आणि पोराला का सोडता येत नाही ते समजावायला वही उघडली. एका जोडीला एक पान. वर बापाचं नुसतं पहिलं नाव, आईचं नाहीच. डावीकडे पावसाळ्यात दिलेली उचल, खाली दर आठवड्याची खर्ची, मध्येच दवाखाना, बाळंतपणाचे खाडे. उजवीकडे पाडलेल्या विटांचे हजार. तळाला गेल्या हंगामाची बाकी, आणि तिच्यापुढे वेगळ्या शाईत दुसऱ्या एका शेठचं नाव. बाकी त्याच्याकडून इकडे चढवलेली. म्हणजे पैसे शेठने शेठला दिले आणि कुटुंब इकडचं तिकडे गेलं. अक्षर मला ओळखीचं वाटलं. मुकादमाला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेब तो माझ्याच विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यायचा. आता मालकी नव्हती म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, त्या वेगळ्या शाईत नेमकं काय विकलं गेलं?

कायद्याच्या पुस्तकातून विचारणाऱ्यांसाठी पुस्तकातलंच सांगतो. कंपनी सरकारने १८४३च्या पाचव्या कायद्याने माणसावरचा मालकीहक्क कोर्टात ग्राह्य धरणं बंद केलं. सावकाराच्या कर्जाला मात्र कोर्ट उघडंच राहिलं. पुढे १८५९चा तेरावा कायदा आला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट पुन्हा कामाला जुंपू शकत होता, नाहीतर तुरुंग. तो रद्द व्हायला १९२५ उजाडलं. अमेरिकेतला १८५०चा कायदा आम्ही वीस गुणांना विचारतो. हा १८५९चा मी एम.ए.लासुद्धा शिकलो नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. दोन देशांची सांगड घालायला त्यांना कुणाची परवानगी लागली नव्हती.

आणि अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार म्हणाल, तर तिथे १८३०च्या कायद्यानंतर मूळनिवासी इंडियनांना हुसकावलं, त्या जमिनीवर कापूस लावला आणि राबायला गुलाम आणले. जमीन एकाची गेली, राबणं दुसऱ्याच्या नशिबी आलं. तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत सावकार आणि जमीनदार उलट्या दिशेने, बंदरपट्टीकडून डोंगराकडे सरकले. आदिवासी वारल्याला खावटी दिली, दामदुपटीने भात उचललं, सातबारा आपल्या नावावर केला आणि त्याच जमिनीवर त्याच वारल्याला वेठीला लावलं. दोन्ही घाव एकाच माणसावर पडले. सिमिंग्टनसाहेबांचा आदिवासींवरचा १९३९चा सरकारी अहवाल वाचा, लग्नगडी त्यात सापडेल. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली, तलवाड्याला गोळ्या खाल्ल्या. आमच्या मंडळींनी हा विषय लाल बावट्याचा म्हणून बाजूला टाकला. पक्षाचा रंग बघून मेलेली माणसं मोजायची असतात का?

झालं गेलं म्हणू नका. संविधानाचं तेविसावं कलम आहे, १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. तरी शेजारच्या मोखाडा तालुक्यात २०२१ साली त्या कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी एक कातकरी बाप मालकाकडे राबत राहिला आणि शेवटी त्याने जीव दिला. आपल्या त्या वर्षीच्या स्मरणिकेत राजवाड्याच्या दर्शनी कमानीवर आठ पानं आहेत. मी मोजली आहेत. कमान सुंदरच आहे, वाद नाही.

कामं सुचवायची म्हणाल तर भट्टीच्या वह्या गोळा करायच्या. वाळवी लागायच्या आत, आणि मुकादम जाळून टाकायच्या आत. म्हाताऱ्या लग्नगड्यांच्या पोरा-नातवंडांना बोलतं करायचं. जव्हार संस्थान आणि मोखाड्याचा इंग्रजी मुलूख यांच्या हद्दीवर देणेकरी आणि घेणेकरी कसे वागत, ते दोन्हीकडच्या दप्तरांत धुंडायचं. समिती नेमू. कोण, कधी, पैसे कुठून, ते जेवताना बोलू. तरुण मंडळींनी नावं द्यावीत. माझ्याकडे त्या वहीतल्या एका पानाची नक्कल आहे, मागाल त्याला देईन.

पुढचं सत्र राजघराण्याच्या वंशावळीवर आहे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे, आणि वक्त्यांना प्रश्नही विचारणार आहे.