कोंबडीचं वय मोजा

बैठकीत हमखास प्रश्न येतो, "ताई, दाणा तेवढाच, मग अंडी कमी का?" आधी कोंबडीचं वय बघा. गावरान तलंग साधारण 6 महिन्यांची झाली की अंड्यावर येते. पहिलं वर्ष भराचं. पुढे दरवर्षी अंडी घटतात. आकार वाढतो, पण कवच पातळ होतं.

मात्र पिसं गळताना किंवा खुडूक बसल्यावर अंडी थांबली, तर घाई नको. ती पुन्हा सुरू होतात. मी अशीच एक चांगली कोंबडी म्हातारी समजून विकून बसले!

म्हणून दरवर्षीच्या पिल्लांच्या पायात वेगळ्या रंगाचं सैल कडं घाला. गटाचा हप्ता जुन्या कोंबड्यांच्या भरवशावर ठेवू नका. दरवर्षी थोड्या नव्या तलंगा तयार करा.