न बांधलेलं धरण



पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो. तिथून टास्मानियातल्या स्ट्राहनला चार दिवस सुट्टी. मॅक्वारी बंदरावरचं चिमुकलं गाव. पलीकडे गॉर्डन नदी आणि नुसतं जंगल. बंदरातल्या सारा बेटावर १८२२ ते १८३३ कैदी ठेवत, त्यांच्याकडून ह्यूऑन पाइनची जहाजं बांधून घेत. शेवटचं जहाज दहा कैद्यांनी पळवलं, थेट चिलीला! (इतिहासाच्या बाई हसताहेत.)

बोटीत मात्र मी गप्प होतो. गॉर्डनला फ्रँकलिन मिळते त्याच्या खाली मोठं धरण व्हायचं होतं. डिसेंबर १९८२ पासून लोक आडवे आले, हजाराहून अधिकांना अटक झाली. १ जुलै १९८३ ला न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ते थांबवलं. आपण तेव्हा दहावीत. गावातल्या कित्येकांना रोजगारासाठी धरण हवं होतं. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मी धरणंच बांधली. त्यांतल्या एकाखाली आपल्या वर्गातल्या दोघांची गावं गेली, ते दोघं समोरच बसलेत. चहासारख्या त्या काळ्या पाण्याकडे बघताना मला तेच दोघं आठवत होते.

हा ह्यूऑन पाइनचा तुकडा. पडलेल्या झाडाचा आहे. आधी त्या दोघांकडे द्या, मग पुढे सरकवा. वास घ्या.