संप्रेरके आणि कर्करोग

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी सातपुड्याकडून जमिनीखालून वाहत येते. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास झालेली ही योजना वरून दिसत नाही. दिसतात त्या केवळ कुंड्या. मानवी शरीरातही अशीच एक अदृश्य योजना आहे. अंतःस्रावी ग्रंथी आपले रस सरळ रक्तात सोडतात. त्यांना संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोन्स, म्हणतात. रक्ताबरोबर ती सर्वत्र पोचतात. परंतु ज्या पेशीत त्यांना ओळखणारा ग्राही असतो, तेथेच त्यांची आज्ञा चालते.

स्त्रीच्या बीजकोशांतून स्रवणारे ईस्ट्रोजेन स्तनांतील पेशींना वाढण्याची आज्ञा देते. ती वाढ निसर्गाला हवीच असते. मात्र पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा चुकीला वाव मिळतो. आणि बिघडलेल्या पेशीलाही पुष्कळदा तेच ईस्ट्रोजेन पोसते. ग्लासगोच्या डॉ. बीटसन यांनी बीजकोश काढल्यावर स्तनाचा वाढलेला कर्करोग ओसरू शकतो, हे १८९६ साली दाखविले. शिकागोच्या डॉ. हगिन्स यांनी १९४१ साली पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीबाबत तोच न्याय सिद्ध केला. त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग केले आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला.

आज गाठीच्या पेशींत ग्राही आहेत की नाहीत, हे तपासता येते. असल्यास टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ग्राहीची जागा अडवून धरते व ईस्ट्रोजेनची आज्ञा पोचू देत नाही. सर्वच गाठी या जातीच्या नसतात. म्हणून तपासणी आधी, औषध नंतर. ऋतुसमाप्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. त्यांपैकी काहींनी स्तनाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

स्तनातील अशी गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. घरातील गृहिणी मग ती लाजेने, वा कामाच्या रगाड्यात, झाकून ठेवते. येथेच घात होतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, आणि बऱ्हाणपूरहून भुसावळमार्गे मुंबईला आगगाडी जाते. मार्ग आहे, तो वेळेवर धरला पाहिजे. भूमिगत पाण्याची स्थिती कुंडीत डोकावल्यावाचून कळत नाही. शरीराचेही तसेच आहे.