शेवग्याच्या पाल्याची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाची शेवग्याच्या पाल्याची भुकटी व्यापाऱ्याने परत पाठवली. "फ्लेव्होनॉइड कमी भरले," एवढंच कळवलं. बँकेचा हप्ता डोक्यावर होता. आम्हाला वाटलं, भाव पाडायचा बहाणा आहे. मग आम्ही तिघी प्रयोगशाळेत जाऊन मोजणी समजून घेतली.

फ्लेव्होनॉइड ही झाडं पानांत तयार करतात ती द्रव्यं. शेवग्यात क्वेरसेटिन आणि केम्फेरॉल मुख्य. ती साखरेला जोडलेली असतात. म्हणून भुकटी तोलून मिथेनॉलमध्ये भिजवतात, आम्ल घालून तापवतात, सुटा झालेला अर्क गाळतात. त्यातला थेंबभर एचपीएलसी यंत्रात सोडतात.

यंत्रात बारीक कणांनी गच्च भरलेली वीतभर पोलादी नळी असते. पंप दाबाने द्राव पुढे ढकलतो. आठवडी बाजारातून निघताना कुणी दुकानादुकानात रेंगाळते, कुणी सरळ एसटी गाठते, तशी एकेक द्रव्यं आगेमागे बाहेर पडतात. त्यांच्यावर प्रकाश टाकला की संगणकावर टेकडी उमटते. शुद्ध क्वेरसेटिन मोजून आधी सोडलेलं असतं. त्याच वेळेला टेकडी आली की ओळख पटते. टेकडी केवढी, त्यावरून प्रमाण निघतं.

तिथल्या ताईंनी विचारलं, "पाला वाळवला कसा?" आम्ही गप्प. पावसात ओला पाला दाट पसरला होता, मग ऊन पडताच तापल्या पत्र्यावर टाकला होता.

परतताना एक जण म्हणाली, "पुढच्या वेळी तपासणीला निवडक पाला पाठवू." गटातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, मग मोजायचं तरी कशाला?"

हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून भरला. आता पाला धुऊन, निथळून, सावलीत जाळीवर पातळ पसरतो. प्रत्येक गोणीवर तारीख लिहितो. तपासणीला प्रत्येक गोणीतून वरची, मधली, खालची चिमूट घेऊन एकत्र करतो. नव्या मालाचा आकडा वाढला आणि व्यापाऱ्याने माल घेतला.

मैत्रिणींनो, दोन अहवाल ताडताना मोजायची पद्धत एकच होती का, तेवढं जरूर विचारा. पद्धत बदलली की आकडाही बदलतो. आणि नमुना साऱ्या मालाचाच पाठवा. येते, रामराम.