शिबिरातली ताई



मे महिना जवळ आला की आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "पोरांना शिबिराला घाला, चांगले संस्कार होतील." आणि शिबिरात ताई किंवा दादा म्हणून जाणाऱ्या कॉलेजातल्या मुलांना म्हणतात, "मजा आहे बुवा! गाणी, खेळ, वर जेवण फुकट." मी तीन उन्हाळे अशी ताई होते. म्हणून समजूत आणि प्रत्यक्ष यांतल्या अंतराविषयी थोडे बोलते.

पहिली समजूत अशी, की हे काम दिवसाचे. खरे काम दिवे मालवल्यावर सुरू होते. माझ्या गटात बारा मुली होत्या. पहिल्याच रात्री एक उशीत तोंड खुपसून रडू लागली, "मला आज्जीकडं जायाचं." तिला गोष्ट नको होती, खाऊ नको होता. ती झोपेपर्यंत मी अंथरुणाशी नुसती बसून राहिले. पहाटे पुन्हा आंघोळी, कुणाचा ताप, कुणाची हरवलेली चप्पल, आणि दिवसभर डोकी मोजणे.

दुसरी समजूत, संस्कार व्याख्यानांनी होतात. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथले छात्रालयही सांभाळत. तेव्हा मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपडे धूत. बाबा आमट्यांनी सोमनाथला १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही कुदळ-फावडे हाती देऊन. मुले आपले बोलणे विसरतात. ताटे कुणी उचलली, हे विसरत नाहीत.

तिसरी समजूत, ताईला सगळे येते. इथे मला माझी चूक सांगायची आहे. गटातली एक मुलगी कन्नड शाळेत शिकणारी, घरी मराठी बोलणारी. तिचे एक वाक्य मी सर्वांदेखत दुरुस्त केले. मुली हसल्या. पुढे दोन दिवस ती गटात बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही इथल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीला गेलो. २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांना नंदगडला फाशी दिले, एवढेच मला सांगता आले. पुढची सगळी कथा तिने सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. बाकीच्या मुली तोंडात बोट घालून ऐकत होत्या. परत येताना मी तिची माफी मागितली. आपली भाषा टिकावी म्हणून शिबिरे भरवायची आणि तिथेच मुलाचे तोंड बंद करायचे, हे माझ्या हातून घडले होते.

तेव्हा यंदा मूल शिबिराला सोडायला जाल, तेव्हा तिथल्या ताईची दोन शब्दांनी विचारपूस करा. आणि आपल्याच घरातली लेक "मी ताई म्हणून जाऊ का?" म्हणाली, तर "तुला काय मिळणार?" असे विचारू नका. जाऊ द्या तिला.