पान बघून वही घ्या

श्रोतेहो, शाळा उघडायला आठवडा उरलाय आणि वह्यांच्या दुकानांपुढे गर्दी लोटली आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आज सकाळी चालणं मुश्कील होतं. रेडिओवर मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ती मी मुलांच्या वह्यांवर घालवणार नाही. शाळा सांगेल ती वही, शाळा सांगेल तितकी पानं, तिथे पालकांच्या हातात फारसं काही नसतं. मला बोलायचंय ते मोठ्या माणसांच्या वह्यांबद्दल. दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, भिशीच्या नोंदी, औषधांच्या वेळा, लोणच्याचं प्रमाण, यंदा पेरणी कोणत्या नक्षत्रावर झाली आणि विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरलं, हे सगळं ज्या वहीत उतरतं त्या वहीबद्दल.

या वहीला आपण घरातला सगळ्यात वाईट कागद देतो. मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीतली उरलेली पानं, नाहीतर कुणीतरी फुकट दिलेली डायरी. आणि लग्नपत्रिका? तिला जाडजूड कागद, वर सोनेरी छपाई. मांडवात अक्षता पडल्या की पत्रिकेचं काम संपलं. हिशेबाची वही मात्र नातवंडांपर्यंत जायची असते. जे पंधरा दिवसांत रद्दीत जाणार त्याला उत्तम कागद, आणि जे पन्नास वर्षं राहायला हवं त्याला टाकाऊ. हे मला बघवत नाही, म्हणून आज बोलतोय.

माझा धंदा बाइंडिंगचा. पुस्तकांबरोबर घराघरांतल्या जुन्या वह्याही माझ्याकडे बांधायला येतात. गेल्या पावसाळ्यात कोकणातून एक ताई सासूबाईंची वही घेऊन आल्या. साधी शंभर पानी, मधोमध दोन पिना मारलेली. आत सांडग्यांचं प्रमाण, फणसाची साटं, कोणत्या जावयाला काय चालत नाही, बाळंतिणीच्या लाडवात काय किती घालायचं. पिना गंजून गेलेल्या, त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरलेला, आणि डागाखालचं पान बोट लावताच तुटत होतं. पान उलटलं की कडेचा तुकडा टेबलावर पडायचा. शाई पलीकडे उतरल्यामुळे एका बाजूचं प्रमाण दुसऱ्या बाजूच्या प्रमाणात मिसळलं होतं. ‘मीठ’ कुठल्या लोणच्याचं हे ताईंनाही सांगता येईना. मी जमेल तेवढं जोडून दिलं. पण कागदच मेला असेल तर बाइंडर काय करणार?

आता याच्या शेजारी जुनी दफ्तरं ठेवून बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले लाखो कागद आहेत. त्यांत मोठमोठी राजकारणं आहेत, पण हिशेबही चिक्कार आहेत: धान्य किती आलं, बैलांना पेंड किती लागली, कुणाला किती मजुरी दिली. अडीचशे-तीनशे वर्षं झाली, घडी उलगडली की कागद सरळ होतो आणि अक्षर काळंभोर दिसतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत हिंडले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढत राहिले, ते अशाच कागदांच्या जोरावर. त्या कारकुनांना आपण इतिहास लिहितोय असं वाटत नव्हतं. ते रोजचा हिशेब लिहीत होते. कागद चांगला होता, एवढंच.

तो कागद यायचा जुन्नरहून, दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्यातून. जुने दोर, गोणपाटं, चिंध्या कुटून केलेला लगदा, त्याचा हातानं उचललेला कागद, मग त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. ही खळ आणि हे घोटणं, इथेच सगळी मेख आहे. आजचा माझा मुद्दाही एवढाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मातीचं अंगण डोळ्यांपुढे आणा. नुसत्या मातीवर पाणी सांडलं तर काय होतं? जिरतं, आणि जिरता जिरता पसरतं. तेच अंगण शेणानं सारवलं की वरचा थर मिटतो, आणि त्यावर रांगोळीची रेघ ओढली की ती जिथल्या तिथे राहते. कागदाचं तसंच आहे. तंतू म्हणजे माती, आणि खळ म्हणजे सारवण. कारखान्यात याला साइझिंग म्हणतात. तिथे हे सारवण आधी लगद्यातच कालवतात आणि बऱ्या कागदाला वरूनही एक हात देतात. सारवताना हात आखडता घेतला की शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, मजकूर पलीकडे उतरतो. सारवण फार दाट झालं तर शाई वरच तरंगत राहते, वाळत नाही, आणि मनगट फिरलं की ओळीचा फराटा होतो. सारवणारीचा हात जसा बेताचा लागतो तसाच कारखान्याचाही लागतो. आणि अंगण पावसाळ्यात जसं ओलावतं तसा कागदही ओलावतो. जी वही मे महिन्यात नीट लिहू देत होती ती ऑगस्टमध्ये किनारपट्टीवर शाई पिऊ लागते. म्हणून पावसाळ्यात वही खिडकीपाशी, ओलीच्या भिंतीला लागून ठेवू नका.

मग दुकानात हे ओळखायचं कसं? अहो, वही उघडा! बहुतेक लोक वही उघडतच नाहीत. मुखपृष्ठावरचा डोंगर बघतात, नाहीतर खेळाडूचा फोटो बघतात, आणि पैसे देतात. डझनाचं पाकीट फोडायला दुकानदार नाही म्हणतो, त्याचंही बरोबर आहे. तर आधी एकच वही घ्या. घरी आणा, शेवटचं पान उघडा आणि कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. हळूहळू वीस अंक मोजा. थेंब वरच उभा राहिला तर सारवण नीट आहे. टाकल्या टाकल्या पान गडद झालं तर ती वही शाईच्या कामाची नाही. मग तुम्ही रोज ज्या पेनानं लिहिता त्याच पेनानं चार ओळी लिहा आणि पान उलटून पाहा. वही पसंत पडली की डझन घ्या. एका वहीच्या किमतीत वर्षाची निश्चिंती होते.

जाडीबद्दल लोक नेहमी विचारतात. वहीवर कधीकधी जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. त्यामुळे 70 ग्रॅमच्या 500 कागदांच्या रिमाचं वजन जवळपास 2 किलो 200 ग्रॅम भरतं, शंका आली तर काट्यावर ठेवून बघता येतं. साध्या वह्यांचा कागद 60 च्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, 70 मिळाला तर उत्तम. पण जाडीवर भुलू नका. जपानमध्ये टोमोए रिव्हर नावाचा कागद होतो, 52 ग्रॅमचा, प्रकाशात धरला तर पलीकडचं दिसावं इतका पातळ, आणि फाउंटन पेनाची ओली शाई त्यावर फुटत नाही. का फुटत नाही? सारवण! मघापासून हेच सांगतोय. कमी सारवलेला 90 ग्रॅमचा कागदही शाई पितो.

बॉलपेनवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. बॉलपेनची शाई दाट आणि तेलकट, ती सहसा फुटत नाही, पण दाबून लिहिलं की मागच्या पानावर अक्षर उठतं. त्यांनी जाडी बघावी. जेल आणि शाईच्या पेनवाल्यांनी सारवण बघावं.

लख्ख पांढऱ्या कागदालाही फसू नका. ती चकाकी पुष्कळदा उजाळा देणाऱ्या रसायनांची असते, टिकण्याशी तिचा संबंध नाही. आपल्याकडचा क्रीमवोव्ह नावाचा वह्यांचा कागद उसाच्या चिपाडापासून, गव्हाच्या काडापासूनही होतो. त्याचे तंतू आखूड, म्हणून घडीवर तो लवकर थकतो. मॅपलिथो नावाचा कागद त्यापेक्षा गुळगुळीत आणि शाईला बरा. जुन्या गिरणीच्या कागदाला तुरटी आणि राळ वापरायचे, त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं तंतू तोडत राहतं. सासूबाईंची ती वही बोट लावताच तुटत होती ती याच्यामुळे. पिनांनी त्यात भर घातली.

पिनांवरून आठवलं. पिनेच्या वहीतलं एक पान फाडलं की पलीकडचं जोडपान सुटतं. नुसत्या डिंकावर चिकटवलेली वही पूर्ण उघडत नाही, आणि जोर करून उघडली की मधे तडकते. टिकायची वही म्हणजे जुजबंदीची. पानांचे छोटे छोटे गठ्ठे घडी घालून, प्रत्येक गठ्ठा मधोमध दोऱ्यानं शिवलेला. गठ्ठ्याच्या मधोमध वही उघडा, दोरा दिसला पाहिजे. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी चोपड्या आठवतात का? पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या, आत रेघ नाही, पानाला घातलेल्या उभ्या घड्या हेच जमाखर्चाचे रकाने. मांडीवर ठेवली तरी सपाट पडायची. पाडव्याला तिची पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात तेल-मिठाचा हिशेब सुरू व्हायचा. पूजा केली म्हणून कोणी तिला कपाटात ठेवली नाही.

कागदाला एक दिशाही असते, तंतू ज्या बाजूनं पडतात ती. पान उभं वाकवा, मग आडवं वाकवा. ज्या बाजूनं सहज वाकेल ती दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी, नाहीतर दमट हवेत… हे समोर कागद घेऊन दाखवावं लागतं, रेडिओवर राहू दे. इथे काचेपलीकडून दोन मिनिटं राहिल्याची खूण झाली आहे. शाईबद्दल, कोणती निळी उडते आणि कोणती काळी टिकते, ते पुढच्या वेळी बोलावलंत तर.

पानं मोजून घ्या, हे मात्र सांगून टाकतो. ‘दोनशे पानी’ हा आता बोलण्यातला शब्द राहिलाय. कितीतरी वह्यांवर 172 छापलेलं असतं, आणि अनुक्रमणिका, छापील मजकुराची पानंही त्यातच धरलेली असतात. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचा.

उरलेल्या मिनिटात मुख्य गोष्ट पुन्हा सांगतो, कारण नेमकी तीच निसटते. चांगली वही घेणारे लोक आहेत, नाहीत असं नाही. भेट म्हणून येते, कुणी पुण्याच्या हातकागद संस्थेतून हौसेनं आणतं. आणि मग काय होतं? ‘इतक्या चांगल्या वहीत काय लिहू?’ म्हणून ती कपाटात जाते. दहा वर्षांनी कसर लागलेली, कोरीच्या कोरी माझ्याकडे येते. अहो, तुमच्या घरचं लोणच्याचं प्रमाण तुमच्याशिवाय जगात कुणाकडे आहे? आईला कोणत्या साली कोणतं औषध लागू पडलं, बांधावरचा आंबा कुणी लावला, हे कोण लिहिणार? चांगला कागद याच्यासाठीच आहे.

तेव्हा एवढं करा. आज रात्री कपाट उघडा, ठेवणीतली वही बाहेर काढा, पहिल्या पानावर तारीख घाला आणि उद्याचा दुधाचा हिशेब तिच्यात लिहा.